विसरभोळेपणा की डिमेन्शिया? घरच्या ज्येष्ठांचं नीट निदान करून घेण्यासाठी

आई एकच प्रश्न दिवसातून चारदा विचारायला लागते, बाबांची सही बँकेत जुळेनाशी होते, आणि घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "वय झालं, होणारच असं." दुसरा म्हणतो, "अल्झायमर आहे, आता काही करता येत नाही." तपासणी व्हायच्या आधीच दोघंही निकाल देऊन मोकळे होतात. डिमेन्शिया म्हणजे रोजचं काम अडावं इतकी स्मरणशक्ती आणि बुद्धी खालावणं; अल्झायमर हा त्यामागचा एक आजार. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड या ज्येष्ठांवरच्या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसांना, डिमेन्शिया आहे. याचा दुसरा अर्थ असा की साठीपुढची विसरणारी प्रत्येक व्यक्ती त्यात मोडत नाही.

नीट निदान म्हणजे तीन प्रश्नांची उत्तरं. हा डिमेन्शियाच आहे की त्याच्यासारखं दिसणारं दुसरं काही? असेल तर कोणत्या आजारामुळे? आणि कोणत्या टप्प्यावर? पाच मिनिटांच्या भेटीत गोळ्यांची एक स्ट्रिप हातात पडली, तर यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नसतं.

वाट पाहायची नाही, अशी वेळ

डिमेन्शिया हळूहळू येतो, महिन्यांनी आणि वर्षांनी. परवापर्यंत ठीक असलेला माणूस आज भलतंच बरळत असेल, दिवसातून कधी शुद्धीवर तर कधी गुंगीत दिसत असेल, तर तो बहुधा डेलिरियम, म्हणजे अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ, असतो. त्यामागे लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, सोडियम उतरणं, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा नुकतंच सुरू झालेलं एखादं औषध असू शकतं. म्हाताऱ्या माणसाला संसर्गात ताप येतोच असं नाही. अशा वेळी मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट शोधत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हीच घाई आणखी काही प्रसंगी: तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, फिट येणं, नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, किंवा मागच्या दोन-तीन महिन्यांत न्हाणीघरात पडून डोक्याला मार लागलेला असणं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साध्या मारानेही मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साठू शकतं. त्याची लक्षणं आठवड्यांनी दिसतात आणि ती हुबेहूब विसरण्यासारखी असतात. सीटी स्कॅनमध्ये हे लगेच कळतं, शस्त्रक्रियेने सुधारतंही. वय पासष्टच्या आत असेल किंवा काही आठवड्यांतच झपाट्याने बिघडत असेल, तर थेट न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

मोतीबिंदू, खुबा किंवा बायपासच्या ऑपरेशननंतर गोंधळ उडाला असेल, तर तो निवळल्यावर काही आठवड्यांनी स्मरणशक्ती तपासायची. रुग्णालयाच्या खाटेवर घेतलेल्या चाचणीवरून डिमेन्शियाचा शिक्का मारून घेऊ नका.

आधी घरचा एक कागद

या आजाराच्या निदानात मशीनपेक्षा घरच्या माणसाची हकिगत जास्त कामाला येते. पण डॉक्टरांनी विचारल्यावर घरचे सांगतात काय, तर "खूप विसरतात हो." त्यातून काहीच हाती लागत नाही. एका पानावर काळाच्या क्रमाने, काय घडलं तेवढंच लिहा. साधारण असं:

२०२३ दिवाळी: चकलीची भाजणी दरवर्षी अंदाजाने करायची. या वेळी प्रमाण विचारलं, मग दोनदा मीठ घातलं.
२०२४ मार्च: पेन्शन काढून आणली, कुठे ठेवली आठवेना. कामवाल्या बाईंवर संशय. पैसे देव्हाऱ्यातल्या पोथीत सापडले.
२०२४ गणपती: नेहमीच्या भाजीवाल्याकडून परत येताना चुकली, शेजाऱ्यांनी आणून सोडलं.
२०२५ जून: बीपीची गोळी दिवसातून दोनदा घेते. सुट्या पैशांचा हिशेब जमत नाही. आंघोळ, जेवण स्वतःचं स्वतः.

सण, लग्न, बारसं यांच्या खुणेने आठवलं की तारखा बऱ्यापैकी जुळतात. डॉक्टर या कागदात दोन गोष्टी शोधतात: बिघाड सुरू होऊन सहा महिने तरी झालेत का, आणि त्यामुळे रोजचं काम अडतंय का. दुसरी गोष्ट कळीची. नावं आठवत नाहीत, पण पैसे, औषधं, फोन, प्रवास, स्वयंपाक सगळं बिनबोभाट चाललंय, तर तो बहुतेक वेळा डिमेन्शिया नसतो. वयाचा परिणाम असेल किंवा सौम्य बोधक्षय (विसरणं वाढलेलं, पण रोजचं काम अडत नाही अशी अवस्था) असेल. त्याच्यावर लक्ष ठेवायचं, दर सहा महिने ते वर्षाने पुन्हा मोजायचं.

आपल्या घरांमध्ये इथेच गफलत होते. सून आल्यापासून आईने स्वयंपाकघर सोडलेलं असतं. बाबांचे बँकेचे व्यवहार मुलगा मोबाइलवर करतो. माणसाला करायला काही उरलेलंच नसलं, तर काय जमेनासं झालंय हे कळणार कसं? मग "सगळं व्यवस्थित आहे" असं प्रामाणिकपणे सांगितलं जातं. म्हणून आठवडाभर मुद्दाम छोटी कामं द्या: चार वस्तू आणि शंभर रुपये देऊन दुकानात पाठवा, पोहे करायला सांगा, एका नातेवाइकाला स्वतः नंबर लावून फोन करू द्या. कामं मध्येच सोडून दिली की क्रम चुकला, हेही लिहा.

परदेशात राहणाऱ्या मुलांनी व्हिडिओ कॉलवर विसंबू नये. दहा मिनिटांच्या गप्पा जुन्या सवयीवर छान निभावून नेता येतात: "जेवलास का? थंडी आहे का तिकडे?" खरी परिस्थिती बरोबर राहणाऱ्याला ठाऊक असते, आणि पुष्कळदा ती व्यक्ती म्हणजे कामाला येणाऱ्या मावशी. त्यांना विचारा. उलट आई-बाबांना सहा महिन्यांसाठी तिकडे नेल्यावर अनोळखी घरात, बदललेल्या झोपेत पहिल्या दोन आठवड्यांत जो गोंधळ दिसतो, त्यावरूनही घाईने निष्कर्ष काढू नका. तो नंतरही राहिला, तर मात्र तपासा.

औषधांची पिशवी

घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, बाटल्या, चूर्णं, डोळ्यांचे थेंब एका पिशवीत भरून बरोबर न्या. यादी करून नेण्यापेक्षा हे बरं, कारण यादीत तुम्हाला माहीत असलेलीच औषधं येतात. उशीखालच्या झोपेच्या गोळ्या यादीत नसतात.

बुद्धीवर मळभ आणणारी औषधं बरीच आहेत. झोपेसाठी वा चिंतेसाठी वर्षानुवर्षं चाललेलं अल्प्राझोलम किंवा क्लोनाझेपाम. सर्दी-खोकल्याच्या औषधातलं क्लोरफेनिरामाइन. मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी दिलेलं अॅमिट्रिप्टिलीन. लघवी आवरण्यासाठीचं ऑक्सिब्युटिनिन, कंपासाठीचं ट्रायहेक्सिफेनिडिल. ब्लडप्रेशरच्या जोडगोळीत लपलेलं हायड्रोक्लोरोथायझाइड सोडियम उतरवू शकतं. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडने एकादशीच्या उपवासाला साखर घसरते आणि दुपारी माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. वर्षानुवर्षं घेतलेलं मेटफॉर्मिन आणि अॅसिडिटीचं पॅन्टोप्राझोल, दोन्ही बी-१२ कमी करतात.

यांतलं काहीही आपल्या मनाने बंद करू नका. अल्प्राझोलमसारखी गोळी एकदम सोडली तर फिट येऊ शकते. "यातलं काय कमी करता येईल?" एवढा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा. दारूचं प्रमाणही खरं सांगायचं, नातेवाइकांसमोर लाज वाटत असेल तर एकट्याने गाठून.

कुणाकडे न्यायचं, आणि कसं

सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून करायला हरकत नाही. रक्त-लघवीच्या तपासण्या त्यांच्याकडेच उरकतात. निदान मात्र न्यूरॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ किंवा वृद्धरोगतज्ज्ञ यांच्यापैकी कुणी तरी करावं. विसरण्याबरोबर चाल बिघडलीय, कंप आहे, पक्षाघात होऊन गेलाय, तर न्यूरॉलॉजिस्ट. उदासी, संशय, रात्रीचा गोंधळ जास्त असेल तर मानसोपचारतज्ज्ञ. 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणून हे दार टाळणारी घरं अजून पुष्कळ आहेत, आणि त्यात नुकसान रुग्णाचं होतं.

मुंबईत केईएम, नायर, शीव आणि जे.जे., पुण्यात ससून, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज इथे कमी खर्चात तपासणी होते. लहान गावातून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवून तिथून चिठ्ठी घेता येते. ओपीडी बहुतेक ठिकाणी सकाळची असते, केसपेपरची रांग लांब असते. दोघांनी जा, म्हणजे एक जण रांगेत आणि एक जण ज्येष्ठांजवळ बसू शकेल. जुने रिपोर्ट, चष्मा, कानाचं मशीन आणि खायला काही बरोबर ठेवा. जवळ कुठे सोय आहे हे विचारायला ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस १४४१६ या हेल्पलाइन आहेत. सत्तरीपुढच्यांना मिळणाऱ्या आयुष्मान कार्डावर ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. ओपीडीतली फी आणि बाहेर केलेला एमआरआय त्यात धरू नका.

ज्येष्ठ यायला तयार नसतील तर "तुम्ही विसरता, म्हणून दाखवायचंय" असं म्हणून भांडण ओढवून घेऊ नका. वर्षाची बीपी-शुगरची तपासणी किंवा बी-१२ बघणं हे खरं कारण आहे आणि बहुतेकांना पटतं. त्यांच्या विश्वासातल्या माणसाने, जावयाने किंवा जुन्या फॅमिली डॉक्टरांनी, सुचवलं तर आणखी सोपं जातं.

घरचा कागद मात्र त्यांच्यासमोर वाचून दाखवायचा नाही. चारचौघांत आपल्या चुकांचा पाढा वाचला गेला की माणूस दुखावतो आणि पुढच्या भेटीला येत नाही. कागद केसपेपरबरोबर आत द्या, किंवा पाच मिनिटं वेगळं बोलण्याची विनंती करा.

खोलीत काय चालतं

सुरुवातीला बहुधा ३० गुणांची चाचणी होते. जुनी एमएमएसई १९७५ची, तर एमओसीए २००५ची आणि थोडी कठीण. आज वार कोणता, हे कोणतं शहर, तीन किंवा पाच शब्द ऐकून काही मिनिटांनी सांगा, शंभरातून सात वजा करत जा, घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा, अशा धर्तीचे प्रश्न असतात.

इथे सर्वांत मोठी चूक घरच्यांकडून होते: मध्येच उत्तर सांगणं. "अहो, आज गुरुवार नाही का, दत्ताला गेला होता ना सकाळी!" झाली चाचणी वाया. प्रश्न आला की रुग्ण मान वळवून बायकोकडे किंवा मुलाकडे बघतो, ही डॉक्टरांसाठी स्वतःच एक खूण असते. ती त्यांना दिसू द्या. मागे, नजरेआड बसा.

गुणांचा अर्थ शिक्षणावर ठरतो. एमएमएसईमध्ये २४च्या खाली आणि एमओसीएमध्ये २६च्या खाली शंका घेतली जाते. एमओसीएमध्ये बारा वर्षं वा त्याहून कमी शिक्षण असलेल्यांना एक गुण वाढवून देतात, पण कधी शाळेतच न गेलेल्या आजींना त्या एका गुणाने न्याय मिळत नाही. त्यांना २० गुण पडले तरी त्या ठणठणीत असू शकतात, आणि निवृत्त मुख्याध्यापक २८ गुण मिळवूनही आजारी असू शकतात. म्हणून शिक्षण किती, हे आधीच सांगा आणि चाचणी मराठीतूनच घेण्याचा आग्रह धरा. निरक्षर व्यक्तीसाठी एमएमएसईवरून बेतलेली हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन ही चाचणी आहे. गावाकडची माणसं तिथी आणि मराठी महिन्यांवर चालतात. "आज काय तारीख?" याला "श्रावणातली अष्टमी" हे उत्तर बरोबर आलं, तर ते चूक धरलं जाऊ नये, हे चाचणी घेणाऱ्याच्या कानावर घाला. ऐकू कमी येत असेल, मोतीबिंदू पिकला असेल, तर गुण आपोआप घसरतात. आधी ते दुरुस्त करून घेतलेलं बरं.

सुशिक्षित व्यक्ती, तरुण वय किंवा धूसर परिस्थिती असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून सविस्तर चाचणी मागा. तिला एक-दोन तास लागतात, कधी दोन बैठका. सकाळची वेळ घ्या, आदल्या रात्री झोप झालेली असू द्या.

नैराश्याची चौकशी झाली का, हेही बघा. जोडीदार गेल्यानंतर वर्षभरात सुरू झालेलं विसरणं पुष्कळदा नैराश्याचं असतं. असा माणूस प्रश्न पुरता ऐकायच्या आधीच "मला नाही येत" म्हणतो. डिमेन्शियातला माणूस बहुधा उलट करतो, उत्तर येत नसलं तरी हसून, थट्टा करून वेळ मारून नेतो. शंका असेल तर नैराश्यावर सहा-आठ आठवडे उपचार करून पुन्हा मोजतात. दोन्ही एकत्रही असू शकतात.

रक्त आणि एमआरआय

किमान एवढं तरी झालेलं असावं: हिमोग्राम, बी-१२, टीएसएच (थायरॉइडसाठी), सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, साखर आणि एचबीए१सी, लघवी रुटीन. डॉक्टरांना गरज वाटली तर व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी) आणि एचआयव्ही. त्यावर नाक मुरडू नका, दोन्हीवर उपचार आहेत.

बी-१२ची पातळी इंजेक्शनं किंवा बी-कॉम्प्लेक्स सुरू करण्याआधी बघायची. घरोघरी उलटं होतं. अशक्तपणा म्हणून पाच इंजेक्शनं टोचली जातात आणि मग रिपोर्ट झकास येतो. तसं झालं असेल तर डॉक्टरांना सांगा. पातळी २०० पिकोग्रॅम/मिलिच्या खाली म्हणजे कमी, २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. शाकाहारी घरात ती कमी निघणं नेहमीचंच, त्यामुळे "बी-१२ कमी सापडलं, कारण मिळालं" म्हणून तपासणी तिथेच थांबवू नका. भरून काढा आणि तीन महिन्यांनी स्मरणशक्ती पुन्हा मोजा. केसांसाठी बायोटिन घेत असतील तर थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो, रक्त देण्याआधी दोन दिवस ते थांबवा.

मेंदूचा एमआरआय साधा, म्हणजे डाय न देता, बहुधा पुरतो. चिठ्ठीवर 'डिमेन्शियाची शंका' लिहिलेलं असावं, म्हणजे हिप्पोकॅम्पसचे, म्हणजे मेंदूतल्या स्मरणाच्या भागाचे, कोरोनल (समोरून घेतलेले उभे) छेद नीट घेतले जातात. पेसमेकर असेल तर आधी सांगा. बांगड्या, मंगळसूत्र, कवळी, कानाचं मशीन काढून ठेवा. अर्धा तास ठोकल्यासारखा आवाज होतो, आणि ज्यांना सूचना लक्षात राहत नाहीत ते मध्येच उठतात. सेंटरने परवानगी दिली तर घरच्या कुणी तरी पायाला हात लावून आत उभं राहावं. झोपेचं इंजेक्शन देऊन एमआरआय करण्यापेक्षा दोन मिनिटांचा सीटी पुष्कळदा शहाणपणाचा.

एमआरआय डिमेन्शियाचं निदान करत नाही. रक्तस्राव, गाठ, साठलेलं पाणी, पक्षाघाताच्या जुन्या खुणा आहेत का ते तो सांगतो. रिपोर्टातल्या 'वयानुरूप आकसलेला मेंदू' या ओळीने घाबरू नका आणि 'नॉर्मल' या शब्दाने निश्चिंतही होऊ नका. पेट स्कॅन आणि जनुकीय चाचण्या बहुसंख्य रुग्णांना लागत नाहीत, त्या आधीच विकायला कुणी आलं तर कारण विचारा.

प्रकार का विचारायचा

कारण औषधं आणि धोके वेगळे आहेत. अल्झायमरमध्ये आधी ताज्या गोष्टी जातात, उतार संथ असतो. रक्तवाहिन्यांच्या डिमेन्शियात पायऱ्यांसारखा बिघाड होतो, मागे मधुमेह, बीपी किंवा पक्षाघात असतो. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात आठवण शाबूत, पण पन्नाशीतला मितभाषी माणूस अचानक वाट्टेल ते बोलायला लागतो, गोडावर ताव मारतो, लाजलज्जा सोडतो. घरचे स्वभाव बिघडला म्हणत वर्षं घालवतात.

लेवी बॉडी प्रकार ओळखणं सर्वांत निकडीचं. घरात लहान मुलं, मांजरं दिसतात, एक दिवस छान तर एक दिवस धूसर जातो, चाल पार्किन्सनसारखी होते, झोपेत लाथा मारणं, ओरडणं चालतं. पुष्कळदा हे 'बाहेरचं' समजून देवऋषीकडे नेलं जातं. अशा रुग्णाला भास थांबवण्यासाठी हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर शरीर ताठरून प्रकृती गंभीर होऊ शकते. झोपेतल्या लाथांबद्दल कुणी विचारलं नाही तर तुम्ही सांगा.

पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवी न आवरणं आणि मंदपणा हे त्रिकूट दिसलं तर मेंदूत पाणी साठण्याच्या आजाराची चौकशी करा. पाठीतून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढून आधी आणि नंतर चाल बघतात. सुधारली, तर शंट (साठलेलं पाणी वाहून नेणारी नळी) बसवून फायदा होण्याची आशा असते.

शेवटच्या भेटीत हातात काय हवं

केसपेपरवर लिहून घ्या: निदान, प्रकार, टप्पा, चाचणीचे गुण, पुढची तारीख. डोनेपेझिल सुरू होत असेल तर आधी ईसीजी झालाय का आणि दमा आहे का, हे बोलून घ्या, कारण त्याने नाडी मंदावते आणि दमा वाढू शकतो. 'मेंदूचं टॉनिक' म्हणून येणाऱ्या महागड्या गोळ्यांचा पुरावा तोकडा आहे. ते पैसे मदतनीसाच्या पगाराला ठेवा.

स्कूटर चालवणं थांबवायचं का, हे डॉक्टरांच्या तोंडून वदवून घ्या. मुलाने किल्ली काढून घेण्यापेक्षा ते जास्त चालतं.

पैशाची कामं याच टप्प्यावर उरका. मृत्युपत्र करायचं असेल तर समज शाबूत असतानाच, आणि त्याच सुमाराचा डॉक्टरांचा दाखला जोडून. मुखत्यारपत्रावर मात्र फार भिस्त नको. १८७२च्या करार कायद्याच्या कलम २०१नुसार देणाऱ्याची मती शाबूत राहिली नाही की ते संपतं. त्यानंतर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. बँकेत संयुक्त खातं आणि नामनिर्देशन आत्ताच होऊ शकतं.

निदान पटलं नाही तर दुसरं मत घ्यायला संकोच नको, मात्र एमआरआयची सीडी आणि सगळे कागद मागून घ्या, नाही तर सगळा खर्च पुन्हा. १९९२ साली केरळात सुरू झालेल्या 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया'ची मुंबईतही शाखा आहे. काळजीवाहकांना कुठे विचारायचं हे तिथून कळतं. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला जाताना घरच्या त्या पानावर दरम्यानच्या चार-पाच नोंदी भरा आणि त्याच डॉक्टरांकडे, शक्यतो त्याच चाचणीने मोजून घ्या.